मोबाइल नंबरच्या रकान्यात

ही गोष्ट मी आजवर कुणाच्याच कानावर घातलेली नाही. बायकोच्या नाही, भावाच्या नाही. देवळात एकटा बसलेलो असताना मनातल्या मनातसुद्धा ती कधी पूर्ण वाक्यात म्हटली नाही. अर्धं वाक्य व्हायचं आणि मी उठून चपला शोधायला लागायचो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असावं. ओळखीच्या माणसापुढं बोलायची हिंमत माझ्यात नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

मी जालन्यात राहतो. एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं झाली. उगवण तपासणी हे माझं काम. आलेल्या मालातून शंभर दाणे मोजून घ्यायचे, ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे आणि आठवड्यानं गुंडाळी उलगडून किती उगवले ते मोजायचं. जेवढे उगवले तेवढेच लिहायचे. हंगामात वरून दबाव येतो, पण त्या कागदावर मी आजवर खोटा आकडा लिहिलेला नाही. कंपनीत माझी सही असली की पुन्हा कुणी मोजत नाही. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. सोयाबीनच्या दाण्याशी माणूस इतका सरळ वागू शकतो आणि घरात... असो. येतोच त्याच्याकडे.

माझा धाकटा भाऊ सुदाम गावी असतो, भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईला. मिरची आणि मका. देवीच्या गावची म्हणून त्यानं थोरलीचं नाव रेणुका ठेवलं. तिच्या पाठची भाग्यश्री, बरीच धाकटी. मला एकच मुलगा, तेजस. तेजस आणि रेणू एकाच वर्षाचे. रेणू दोन महिन्यांनी मोठी.

आमच्या घरात एक रीत पडून गेली आहे. कुणी पाडली नाही, पडली. शिकला-सवरलेला थोरला जालन्यात आहे, तेव्हा पोरांच्या शिक्षणाचं त्यानं ठरवायचं. शाळा कोणती, शाखा कोणती, क्लास कोणता — सुदाम कधी मध्ये बोलला नाही. आणि दुसरी एक सवय. कुठलाही फॉर्म असो, मोबाइल नंबरच्या रकान्यात माझा नंबर. सुदामच्या शेतात रेंज येत नाही, वर्षातून दोनदा त्याचं सिम बदलतं, आणि मेसेज आलाच तर तो वाचत नाही. त्याच्या गॅसला माझा नंबर, पोरींच्या शाळेत माझा नंबर. रेणूला तो पहिलीपासून तोंडपाठ. शाळेत बाई विचारायच्या तेव्हा ती बापाचा नाही, तात्याचा नंबर सांगायची. घरातली पोरं मला तात्या म्हणतात.

दोघं दहावीत होती तेव्हा डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा विषय निघाला. नीटच्या तयारीला कुठं घालायचं? हा प्रश्न आमच्याकडं कसा चर्चिला जातो ते तुम्हाला माहीत असेल. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, दाढी करताना. कुणी म्हणतं कोटा, कुणी म्हणतं जालन्यातच ठेवा, कशाला पैसे घालता. मी दोन महिने माहितीपत्रकं गोळा केली, तीन ठिकाणी जाऊन आलो आणि लातूरचा एक क्लास पक्का केला. त्यांची एक निवडक बॅच होती. चाळीस मुलांची. त्यात घ्यायला ते ठिकठिकाणी चाचणी घेत. पहिल्या काही मुलांना फी माफ, राहणं-जेवणंही माफ. निवड झाली नाही तर पूर्ण फी भरून साध्या बॅचमध्ये जाता यायचं. सुदामला सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "दादा, तू म्हणशील तो क्लास. मला त्यातलं काय कळतं?" फक्त एवढं विचारलं, की तिथं मुलींचं वसतिगृह बराबर आहे का. तेवढंच. पोरीला लांब पाठवायचं की नाही, हा प्रश्नच त्याच्या मनात नव्हता. हे लक्षात ठेवा.

दोघांचे फॉर्म मीच भरले. नंबर दोन्हीकडं माझा.

चाचणी एका रविवारी जालन्यात होती. सुदाम पहाटेच निघून मोटारसायकलवर रेणूला घेऊन आला. तिच्या ओढणीवर रस्त्याची धूळ. पेपर सुटल्यावर आम्ही चौघं बाहेरच्या रसवंतीवर बसलो. रेणू बडबडत होती — सोपा होता, दोनच प्रश्नांत अडकले, बाकी सगळं बरोबर आहे तात्या, बिलकुल बरोबर. तेजस रसाच्या ग्लासात बोट फिरवत होता. सुदाम हसून त्याला म्हणाला, "काय रे तेजस, एवढ्या फीच्या शाळेत पेपर लिहायला शिकवत न्हाईत का?"

थट्टाच होती. त्याच्या मनात काही नव्हतं. सुदामच्या मनात कधीच काही नसतं. पण मी तेजसला जालन्यातल्या सगळ्यात चांगल्या इंग्रजी शाळेत घातलं होतं, आणि रेणू गावच्या शाळेत पत्र्याखाली शिकत होती — ते वाक्य मला कुठंतरी लागलं. रस संपवून मी उठलो. लागलं, एवढंच तेव्हा कळलं.

निकाल पुढच्या आठवड्यात आला. मी प्रयोगशाळेत मक्याची गुंडाळी उलगडत होतो. फोन दोनदा वाजला. लागोपाठ दोन मेसेज, एकाखाली एक. पहिला तेजसचा — निवडक बॅचसाठी पात्र नाही, साध्या बॅचमध्ये प्रवेश घेता येईल. दुसरा रेणूचा. निवड झाली आहे, फी आणि वसतिगृह दोन्ही माफ, चार दिवसांत प्रवेश नक्की करा, अभिनंदन.

मला त्या क्षणी काय वाटलं? आनंद झाला नाही. खरं सांगतो, एक क्षणभरसुद्धा झाला नाही. माझ्याच घरातली पोर, माझ्याच मांडीवर खेळलेली. मला फक्त ते दोन मेसेज खाली-वर दिसत राहिले. आणि रसवंतीवरचं हसणं.

संध्याकाळी घरी गेलो आणि सांगितलं — तेजसचं झालं. लातूरला. सुदामला फोन केला आणि सांगितलं — रेणूचं थोडक्यात हुकलं.

असं सरळ निघून गेलं तोंडातून. जीभ अडखळली नाही. वाटलं होतं उद्या दुरुस्त करू, काहीतरी सांगू, क्लासनं चूक केली होती म्हणून सांगू. सुदाम म्हणाला, "तेजसचं झालं ना, मंग बस झालं. घरात एक डॉक्टर पुरे." आणि दुसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन आला. बरोबर रेणू. तिनं तेजसच्या हातात पेढा ठेवला. तेजसनं माझ्याकडं पाहिलं. साध्या बॅचची फी मी भरणार आहे, हे मी त्याला एकट्याला सांगितलं होतं. 'निवड' झाली नाही, हेही. मी नजर वळवली आणि त्यानं पेढा खाल्ला. पोराला मी त्या दिवशी काय शिकवलं?

पण अजून मी मूळ गोष्टीवर आलो नाही. बघा, किती वळणं घेतोय.

चौथ्या दिवशी दुपारी लातूरहून फोन आला. प्रवेश विभागातल्या एक बाई होत्या, बोलणं फार नम्र. रेणुकाचे वडील का, म्हणून विचारलं. मी म्हणालो, काका. त्या म्हणाल्या, आज शेवटचा दिवस आहे आणि तुमच्याकडून काही कळलं नाही. त्या घटकेला सगळं सावरता आलं असतं. 'हो, येतोय' म्हणायचं होतं, बस. मी म्हणालो, "मुलीचे वडील तयार नाहीत. पोरीला बाहेर पाठवायला नको म्हणतात."

बाई म्हणाल्या, "सर, एकदा समजावून बघा ना त्यांना. फार चांगला पेपर सोडवलाय तिनं."

मी म्हणालो, खूप समजावलं.

"खेड्यात असंच असतं हो," त्या म्हणाल्या.

आणि मी म्हणालो, "हो ना."

हे 'हो ना'. हे माझ्या कानातून गेलेलं नाही. ज्यानं पहाटे उठून एवढ्या लांब पोरीला मोटारसायकलवर आणलं, ज्यानं फक्त वसतिगृह बराबर आहे का एवढंच विचारलं, त्या माझ्या भावाला मी अडाणी ठरवलं. त्याच्या नावावर माझं पाप लिहिलं. आणि सुस्कारा टाकून लिहिलं — जणू मलाच वाईट वाटत होतं.

तेजस लातूरला गेला. रेणूला मी जालन्यात माझ्या घरी ठेवून घेतलं. अकरावी-बारावी इथंच, संध्याकाळी गल्लीतल्या एका सरांचा क्लास. लोकांनी माझं किती कौतुक केलं, तुम्हाला सांगतो — भावाच्या पोरीला कोण ठेवून घेतं आजकाल? मी ते कौतुक ऐकून घ्यायचो. कधी कधी म्हणायचो, अहो, माझंच लेकरू आहे.

आणि दोन वर्षं ती माझ्या डोळ्यांपुढं बदलत गेली. गावाकडची रेणू गणित सोडवून वही भिरकावून द्यायची, उत्तर बघायचीच नाही — बरोबरच असणार. जालन्यातली रेणू एकेक उत्तर तीनदा तपासायची. तीनदा. मग माझ्याकडं घेऊन यायची. मी शेतकीचा पदवीधर, मला तिच्या भौतिकशास्त्रातलं काय कळणार? तरी यायची. म्हणायची, "चुकलं असेल ना तात्या?" मी बघायचो. बरोबर असायचं. मी सांगायचो बरोबर आहे, आणि तिचा विश्वास बसायचा नाही. सुनंदा, माझी बायको, म्हणायची, पोरगी किती जबाबदार झाली. मला कळत होतं ते काय झालंय. ज्या पेपरात तिला सगळं बरोबर वाटलं होतं, त्या पेपरात ती नापास आहे, असं मी तिला सांगितलं होतं. मग तिनं स्वतःच्या डोक्यावर विश्वास का ठेवावा?

बारावीनंतर नीट दिली. तिथली प्रश्नपत्रिका घरी आणता येते. उत्तरं जाहीर झाली त्या दिवशी दुपारी आम्ही ओट्यावर बसून ताळा करत होतो. मी उत्तर वाचायचो, ती खूण करायची. काही प्रश्नांच्या आकड्याभोवती तिनं गोल केले होते. मी विचारलं, हे काय? म्हणाली, हे सोडून दिले, भरले नाहीत. पण त्या प्रश्नांखालीही पर्यायावर बारीक टिक केलेली होती. मी ताळा केला. सोडलेले सदतीस. त्यातल्या एकतीस टिका बरोबर होत्या.

एकतीस. मी आयुष्यभर उगवलेले दाणे मोजत आलो आहे. मी पुन्हा मोजले. एकतीसच होत्या.

मी विचारलं, "येत होतं तर भरलं का न्हाई?"

"चुकलं तर एक मार्क जातो, तात्या." मग खाली बघत म्हणाली, "मला बरोबर वाटतं म्हणून ते बरोबर असतंच असं न्हाई. त्या लातूरच्या पेपरला बी मला सगळं बरोबरच वाटल्तं."

ती प्रश्नपत्रिका माझ्या मांडीवर होती. समोर रेणू. घरात दुसरं कुणी नव्हतं. सांगायचं असतं तर याहून चांगली वेळ आयुष्यात आली नसती. एकच वाक्य — ते बरोबरच होतं गं. मी म्हणालो, चहा ठेव.

त्या एकतीस प्रश्नांचे गुण धरले असते तर तिला सरकारी कॉलेज मिळालं असतं. धरले जात नाहीत.

तुम्हाला वाटेल, झालं, सांगून संपलं. नाही. इथपर्यंतचं मी स्वतःशी निदान अर्धं तरी बोललो होतो. पुढचं अर्धंसुद्धा नाही. रागाच्या, मत्सराच्या भरात माणूस घसरतो, असं पहिल्याला म्हणता येईल. दुसऱ्याला मला काहीच म्हणता येत नाही.

निकालानंतर सुदाम आला. म्हणाला, एक वर्ष अजून देऊ पोरीला. आणि जालन्यात नको, लातूरलाच पाठवू, त्याच क्लासला — रिपीटरची बॅच असते म्हणतात. मिरचीचं बरं झालं होतं, फी भरायची त्याची तयारी होती. "दादा, तू सांग तिला. भ्यायली ती. तुझं ऐकल."

त्या क्लासच्या कॉम्प्युटरमध्ये तिचं नाव असणार. जालना केंद्र, निवड झालेली, फी माफ — आणि पुढं शेरा, वडील तयार नाहीत. सुदाम स्वतः तिला घेऊन त्या खिडकीपुढं उभा राहणार. एखादी नम्र बाई म्हणणार, अहो, तेव्हाच पाठवायचं होतं ना.

मी रेणूच्या खोलीत गेलो. तिनं विचारलं, "तात्या, खरं सांगा. मला जमंल का?"

खरं सांगा, म्हणाली.

मी म्हणालो, "झेपणार नसेल तर जबरदस्ती नको बाळा. एक वर्ष फुकट जाईल. फार्मसीला चांगला वाव आहे."

प्रेमानं म्हणालो. डोक्यावर हात ठेवून. तिनं मान हलवली. बाहेर येऊन मी सुदामला सांगितलं, तिचीच इच्छा नाही. रेणू माझ्यामागं दारात येऊन उभी होती, तो तिच्याकडं वळला. मग म्हणाला, ठीक आहे, तात्यानं विचार करूनच सांगितलं असंल.

विचार करूनच सांगितलं होतं.

तेजस दीड वर्षात लातूरहून परत आला होता. तो आता पुण्यात एका कंपनीत आहे. फोन करतो, माझ्याशी कामापुरतं बोलतो. तिथल्या बोर्डावर निवडक बॅचची पहिली यादी लागली होती, त्यात रेणूचं नाव त्यानं वाचलं असणार. मला त्यानं कधी विचारलं नाही. मी तेवढ्यासाठी त्याचा आभारी आहे, आणि तेवढ्यासाठीच मला त्याच्याकडं बघवत नाही.

रेणू भोकरदनला एका औषधाच्या दुकानात आहे. दुकानामागं दवाखाना. मी एकदा गेलो होतो. ती डॉक्टरांची चिठ्ठी वाचायची, औषधाची पाकिटं काढायची, पुन्हा चिठ्ठी, पुन्हा पाकीट, पुन्हा चिठ्ठी. म्हातारीला तीनदा सांगितलं, सकाळी जेवल्यावर एक. रांगेतला एक जण वैतागून म्हणाला, ताई, जल्दी करा की. दुकानदार मला कौतुकानं म्हणाला, वेळ लावते पण तिच्या हातून चूक म्हणून होत नाही. मी हसलो. आणखी काय करणार होतो?

गेल्या रविवारी सुदाम दोन्ही पोरींना घेऊन घरी आला. भाग्यश्री आता दहावीत आहे. तिला डॉक्टर व्हायचंय. हुशार आहे, आणि बोलताना तशीच मान उडवते — बिलकुल बरोबर आहे, तात्या. त्याच क्लासची चाचणी पुन्हा जालन्यात होणार आहे. सुदाम म्हणाला, "दादा, तू म्हणशील तसं." फॉर्म भरायला रेणूच बसली. तिचं अक्षर सुंदर आहे. भाग्यश्रीनं मान लांब करून विचारलं, "ताई, तुझं त्या पेपराला किती थोडक्यात हुकल्तं गं?" रेणू हसून म्हणाली, तात्याला विचार.

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. सुदामही.

मी म्हणालो, "आता कुठं आठवतंय एवढं."

मला कुणी माफ करावं म्हणून हे लिहिलेलं नाही. कुणाची माफी घ्यायची तर आधी तिला सांगावं लागतं, आणि मी सांगणार नाही — मी स्वतःला आता पुरतं ओळखतो. तुम्हीही काही म्हणू नका.

रेणूनं नाव लिहिलं, शाळा लिहिली, गाव लिहिलं. मोबाइल नंबरच्या रकान्यापाशी आली. तिच्याकडं आता स्वतःचा फोन आहे, चांगला, तिच्या पगारातून घेतलेला. तो शेजारीच पडला होता. माझ्या तोंडाशी आलं होतं — तुझा लिही. दोनच शब्द. मी ते म्हणालो नाही.

तिनं कुणालाही न विचारता, मान वर न करता, माझा नंबर लिहिला. मग पेनाचं टोक एकेका आकड्यावर ठेवत तो तपासला. एकदा. दोनदा. तीनदा.

बरोबर होता.